तारीख उलटलेलं तेल

१७ एप्रिल, गुरुवार

तारीख उलटून गेलेलं खोबरेल तेल केसांना लावलं तर चालतं का? आज शेजारच्या प्रयागबाई काकूंनी मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. आताही येत नाही.

काकू तेलाची बाटली न्यायला आल्या होत्या. मागच्या अंगणात आईने रिकामा डबा पालथा घातला होता, त्यावरची बारीक छपाई त्यांनी चष्मा पुसून वाचली. "हे पाह्य वं रितिका, डिसेंबरातच गेली याची तारीख. अन् आपण तं एप्रिलात बसलो. तू सायन्सवाली आहे. सांग, लावू का नको?"

मी म्हटलं, "पाहून सांगते काकू."

"पाहून काय सांगतं? इतके वर्षं पाहूनच राहिली नं कॉलेजात!" असं म्हणून त्या हसल्या आणि बाटली घेऊन गेल्या. म्हणजे त्यांना उत्तर नकोच होतं. मला मात्र दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

बी.एस्सी., रसायनशास्त्र. आमच्या घरातली पहिली पदवी. बाबांनी ती फ्रेम करून टीव्हीच्या वर लावली आहे आणि तिच्यावर एक छोटा दिवाही. तो लागला की मला लाज वाटते, विझवला की बाबांना वाईट वाटतं.

आई घरी तेल बनवते. जास्वंद, माका, कढीपत्ता, मेथी खोबरेल तेलात लोखंडी कढईत उकळून. जरीपटक्याच्या बाजारामागच्या आमच्या चार गल्ल्यांत त्याला "कौसल्याबाईचं तेल" म्हणतात. नवरीचं डोकं असो की बाळंतिणीचं, बोलावणं आईलाच येतं. बाबा बाजारातल्या एका ठोक दुकानाच्या गोदामात काम करतात. तारीख उलटलेला माल तिथे परत येतो, त्यातले खोबरेल तेलाचे डबे मालक बाबांना नेऊ देतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. माहीत असूनही मी कधी त्याचा विचार केला नव्हता, हे आज कळलं आणि तेच जास्त टोचतं आहे.

आईला विचारलं तर म्हणाली, "तेल काय दूध आहे का वं, फाटाले?"

१८ एप्रिल

सकाळपासून वाचते आहे. डब्यावर जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ या तारखेपर्यंत माल उत्तम. त्यानंतर तो खराबच होतो असं नाही. मग त्यानंतर काय होतं? कोणीही नीट सांगत नाही. सगळीकडे शेवटी एकच सल्ला: वास घ्या, रंग पाहा, खवट वाटलं तर वापरू नका. हे काय उत्तर झालं? मला कोणीतरी आकडा सांगावा. वास हे काही परिमाण नाही.

बाबांशी वाद झाला. म्हणजे मी घातला, ते चहा पीत होते.

"मी पाहतो नं एकेक डबा वास घेऊन. मंगच तुही आई कढईत टाकते."

"बाबा, नाक म्हणजे प्रयोगशाळा नाही."

"नाही नं," बाबा म्हणाले, "माहं नाक तं शाळेतही नाही गेलं."

आई हसली नाही. एरवी बाबांच्या अशा बोलण्यावर ती पदर तोंडाला लावते.

बाबांची ही रोजची सवय आहे. गोदामात जाण्याआधी डब्याचं झाकण उघडायचं, वाकायचं, नाक आत घालायचं, मान हलवायची. कढईत तयार झालेल्या तेलाचाही बोटावर घेऊन वास. एखादा डबा त्यांना नको वाटला तर तो खाटेखाली सरकवतात, देवाच्या दिव्यासाठी वापरायला. आई तोपर्यंत दारात उभी राहते, पेपर तपासणाऱ्या मास्तरांसमोर उभं राहावं तशी. बायको तेल करते आणि पास नवरा करतो! मी हे आईला म्हटलंही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आत गेले.

२० एप्रिल, रविवार

लेबल बनवलं. "कौसल्या केशतेल" हे नाव, खाली सगळे घटक, त्याखाली तेल कधी बनवलं आणि मूळ खोबरेलाची तारीख कोणती, दोन्ही. लोकांना माहीत असू दे, मग घ्यायचं ते घेतील. बाबा म्हणाले, छान आहे. आई म्हणाली, "म्हणजे बाटलीवरच लिहून द्याचं का, आम्ही जुनं तेल विकतो म्हणून?"

"जे खरं आहे तेच लिहायचं."

"खरं बोलाले काही लागत नाही वं तुले," ती म्हणाली. ती काय म्हणाली ते मला नीट समजलं नाही. आजकाल घरचं जेवणही जात नाही. भिवापूरची मिरची आईने इतकी घातली होती की डोळ्यांतून पाणी आलं. बाबा गुमान जेवले. घाम पुसायचा, घास घ्यायचा. तिचा हात हल्ली फारच सैल सुटला आहे.

तेलाचंही तसंच. पूर्वी ती कापूर चिमूटभर घालायची, आता मूठभर. मी अंगणातल्या कढईजवळ गेले तर शिंका आल्या. आई मात्र वाफेवर वाकून म्हणते, "आता लागलं! आता पोचलं नाकात." नंतर कढईकडे कान करून बसली, जसं काही ते तेल तिला काही सांगणार आहे. तडतड थांबली तसा गॅस बंद केला. तेवढ्यात आत दुधाचं पातेलं करपून काळं झालं. मी वरच्या गच्चीवरून वासाने धावत आले. ती स्वयंपाकघराच्या दाराशीच बसली होती.

"लक्ष नव्हतं," म्हणाली.

वय झालं का तिचं? अजून पन्नासचीही नाही.

२३ एप्रिल, बुधवार

बाबा पारशिवनीला गेले. बापूजींच्या, म्हणजे आजोबांच्या, डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोठे काका एकटे पडतात. जाताना दारात आईला हळू आवाजात सांगत होते, "मी येतपर्यंत कढई चढवू नको."

"काजलचं लग्न थांबते का तुमच्यासाठी?"

काजल माझी शाळेतली मैत्रीण, चार घरं सोडून राहते. अक्षय तृतीयेला तिचं लग्न आहे. तिच्या आईने आमच्या आईला दोन कामं सांगितली आहेत. लग्नाआधी काजलच्या डोक्याला तेल लावून चांगलं चोळून द्यायचं आणि हळदीला येणाऱ्या बायकांना वाण म्हणून द्यायला तेलाच्या लहान बाटल्या. एवढ्या बाटल्या आईने एका वेळी कधी केल्या नसतील. ती दोन दिवस हवेत आहे. बाजारातून बाटल्यांची गोणी स्वतः डोक्यावर घेऊन आली.

बाबा थोडा वेळ थांबले, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार होते. मग ऑटो आला.

२४ एप्रिल

उद्या बुटीबोरीला मुलाखत आहे, रंगाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा. सकाळपासून वाचायला बसते आणि उठते. कूलरचा आवाज, उकाडा, आणि मधून मधून आई.

दुपारी ती डबा घेऊन माझ्यासमोर आली. "याचा वास पाह्य वं जरा."

मला राग आला. इतके दिवस मी काय सांगते आहे? "आई, वासावर माझा विश्वास नाही. वासाने काही सिद्ध होत नाही. तारीख पाहत जा."

ती उभीच. "तुह्या बाबानं खाटेखाली ठेवला होता. तेल कमी पडून राहिलं म्हणून काढला. एकदा नाक लाव नं बाई."

"नाही लावणार." मला ते तत्त्वाचं वाटलं. अजूनही वाटतं. आपण एकदा नाकावर गेलो की लेबल कशाला?

"मंग तारीख वाच याची," ती म्हणाली. मी वाचली. डिसेंबर.

"बाकीच्यासारखीच नं?"

"हो, बाकीच्यांसारखीच."

"मंग झालं." ती डबा घेऊन गेली. मला वाटलं, चिडवते आहे मला.

२५ एप्रिल, शुक्रवार

मुलाखत बरी झाली. एका प्रश्नाला अडखळले, बाकी ठीक. बसमध्ये येता येता वाटलं, मिळाली तर काय, नाही मिळाली तर काय. 

घरी आले तेव्हा अंधार पडत होता. आईने सगळ्या बाटल्या माझं लेबल न लावताच भरून काजलकडे पोचवल्या होत्या, काजलच्या डोक्याला तेल लावून आली होती, प्रयागबाई काकूंनाही एक बाटली दिली होती. दमून भिंतीला टेकून बसली होती, पण चेहरा खुललेला. "काजलचे केस पाह्यले का वं तू? कमरेच्या खाली. हातात मावत नाही." घरात कापराचा वास इतका होता की मी खिडक्या उघडल्या.

२६ एप्रिल, शनिवार



सकाळी काकू आल्या त्याच ओरडत. "कौसल्या! ये कौसल्या! बाहेर ये जरा!" नळावरच्या सगळ्या बायका वळल्या. "काय दिलं वं हे? वरतून कापूर मारला अन् खाली हे? रातभर माह्या उशीजवळ कोनी झोपलं नाही! नातू म्हणते, आजी, तुह्या डोक्यात उंदीर मेला काय?"

बायका हसल्या. आईनेही हसायचा प्रयत्न केला.

"घे. तूच घे वास," काकूंनी झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली.

आईने बाटली नाकाशी नेली. एकदा. पुन्हा एकदा, जास्त वेळ. सगळे पाहत होते. मग ती म्हणाली, "चांगलं तं आहे."

नळावर जे हसू फुटलं ते मी विसरणार नाही. मी बाटली घेतली. खवट. जुन्या नारळाच्या वाटीला, साबणाला आणि घामट टोपीला मिळून जो वास येईल तसा. दोन हातांवरून कळत होता. आणि माझी आई, जिच्या तेलाने माझे केस वाढले, ती बाटली नाकाला लावून सगळ्यांच्या तोंडावर खोटं बोलत होती.

घरात आल्यावर मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

ती पदराला हात पुसत राहिली.

"तुला माहीत होतं आई, तरी तू ते काजलच्या लग्नात दिलंस."

"सर्दी झाली मले," ती म्हणाली.

सर्दी! एवढंच तिला सुचलं. मी वर गच्चीत गेले. ऊन डोक्यावर होतं, पाय भाजत होते, तरी फेऱ्या मारत राहिले. आई आहे म्हणून गप्प बसायचं तर ती फ्रेम भिंतीवरून काढून टाकावी. शेवटी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं: "आमच्या घरून दिलेल्या तेलात तारीख उलटलेलं खोबरेल वापरलेलं होतं. ते सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ज्यांच्याकडे बाटल्या आहेत त्यांनी वापरू नयेत, परत द्याव्यात. क्षमा असावी. रितिका."

पाठवल्यावर बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. अर्धा तास.

२७ एप्रिल, रविवार

अंगठे, हात जोडलेले, "शाब्बास पोरी", "शिक्षणाचा फायदा". आणि मग, "म्हणजे इतके वर्षं आपण एक्स्पायरी तेल लावून राहिलो का?" "माह्या सुनेचे केस गेले ते काहून, आता समजलं." "कौसल्याबाई तं मोठ्या गोड बोलत होत्या."

मी हे लिहिलं नव्हतं. मी फक्त तारखेचं लिहिलं होतं.

काजलच्या आईचा निरोप आला, आता डोक्याचं पुढचं काम पार्लरवाली करेल, कौसल्याताईंनी त्रास घेऊ नये. वाणाच्या बाटल्या पिशवीत भरून कोणीतरी दाराशी ठेवून गेलं. बेलसुद्धा वाजवली नाही.

आई दिवसभर बाहेर आली नाही. संध्याकाळी भाजी केली, वाढली. मी जेवले. तिखट होतं, मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "तू जे लिहिलं ते बरोबर लिहिलं." यापेक्षा तिने मारलं असतं तर बरं.

२८ एप्रिल, सोमवार

कॉलेजला गेले. संघपाल, माझ्या वर्गातला, आता तिथेच एम.एस्सी. करतो. त्याच्या मेहेरबानीने एक ब्युरेट, थेंब मोजून सोडायची काचेची नळी, मिळालं. परत आलेली बाटली, न उघडलेल्या डब्यातलं तेल आणि दुकानातून आणलेलं ताजं तेल, तिन्हींतलं आम्ल मोजलं.

न उघडलेल्या डब्यातलं, म्हणजे तारीख उलटून चार महिने झालेलं तेल ताज्याच्या अगदी जवळ निघालं. चांगलं. बाटलीतलं मात्र भयंकर. आम्ल संपलं की येतो तो गुलाबी रंग यायलाच तयार नाही, थेंबामागून थेंब. पुन्हा केलं. तसंच.

"पण तारीख तर एकच आहे," मी म्हटलं.

"तारखेला काय माहीत, डबा कुठं पडला होता," संघपाल म्हणाला. "पण रितिका, झाकण उघडलं तेव्हाच खोलीभर वास आला होता. एवढा वास येतो तर तुझ्या आईने ते भरलं कसं?"

खोटारडी आहे म्हणून, असं मी म्हणणार होते. म्हणता आलं नाही. येताना बसस्टॉपवर उभी राहिले आणि दोन बस जाऊ दिल्या. आई तशी नाही. मग काय?

संध्याकाळी बाबा आले. बापूजी ठीक आहेत. पिशवी ठेवली आणि पहिल्यांदा खाटेखाली वाकले. "इथं डबा होता एक."

आई भांडी घासत होती. घासतच राहिली.

बाबा मला अंगणात घेऊन गेले. लिंबाच्या झाडाखाली ते उभे राहिले आणि बराच वेळ चपलेने माती सारखी करत राहिले. मग म्हणाले, "तुही आई वास नाही घेऊ शकत, रितू."

मला समजलंच नाही.

"त्या वर्षी आपल्या सगळ्यायले ताप आला होता नं, तेव्हा तिघायचाही वास गेला. तुहा आला, माहा आला. तिचा नाही आला. डॉक्टरकडे गेलो होतो. येईन म्हणते. चार वर्षं झाले, येऊनच राहिला आहे."

"मला का नाही सांगितलं?"

"तुही आई म्हणे, पोरीले नको सांगू. तेलवालीले वास येत नाही हे कोनाले समजलं तं संपलं म्हणे सारं." मग म्हणाले, "तो डबा विकलाच नव्हता, गोदामातच पश्चिमेच्या भिंतीले पडून होता. टिनाखाली, दोन उन्हाळे. म्हणून मी काढून ठेवला. जाताना तुले सांगणार होतो. ऑटो आला."

दूध. मिरची. कढईकडे केलेला कान. आणि कापूर. कापराचा वास तिला येतच नव्हता, त्याचा गारवा तेवढा नाकात लागत होता, आणि तेवढं काहीतरी लागतं म्हणून ती मूठ मूठ घालत होती. मी सगळं पाहिलं होतं. सगळं इथे लिहूनही ठेवलं आहे.

आणि तिने मला विचारलं होतं. डबा घेऊन माझ्यासमोर उभी होती. मी म्हटलं, तारीख पाहा. तिने तारीख पाहिली.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी मागच्या दाराने काजल आली, डोक्यावर ओढणी घट्ट. आत येऊन एकदम रडायला लागली. "काकू, वास जाऊनच नाही राहिला. पार्लरमध्ये दोनदा शाम्पू केला. वरून ते काय लावलं तं अजूनच विचित्र झालं. संध्याकाळी हळद आहे, त्यायच्या घरचे लोक येऊन राहिले. माही नणंद आधीच नाक मुरडते."

मला वाटलं आई आत जाईल. ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "बस पाटावर. रडू नको, डोळे सुजते. रितू, रिठे काढ."

रिठे आणि शिकेकाई उकळली. आधी बेसन ताकात कालवून केसांना चोळलं, तेल सुटावं म्हणून. अंगणात ऊन यायच्या आधी तिने काजलचं डोकं मांडीशी घेतलं आणि बोटं चालवायला लागली. मी तांब्याने पाणी घालत होते. पाणी काळपट, फेसाळ वाहत गेलं. आईने बटा पिळल्या, हातात धरल्या, आणि तिचा चेहरा तसाच झाला जसा त्या दिवशी नळावर झाला होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. विचारलं नाही.

मी वाकले आणि काजलच्या केसांत नाक घातलं. मुळाशी, मग मध्ये, मग टोकाला. "आहे अजून. टोकाला जास्त."

आईने पुन्हा बेसन घेतलं, या वेळी फक्त टोकांना. पुन्हा रिठे. पुन्हा पाणी. "आता?"

"कमी झाला. मानेजवळ आहे."

"मानेजवळ कुठं? बोट ठेव."

मी तिचं बोट धरून तिथे ठेवलं. ती तिथे चोळत राहिली. काजल खाली मान घालून बसली होती, तिचं रडणं थांबलं होतं. मधेच तिने विचारलं, "काकू, तुमीच पाहा नं."

"माह्या हाताले रिठ्याचा वास आहे बाई," आई म्हणाली. "तुही मैत्रीण पाहते."

आणखी एकदा. मग मी खूप वेळ वास घेतला. ओल्या केसांचा, शिकेकाईचा, थोडा ताकाचा. दुसरा कुठलाच नाही. खरं सांगायची मला सवय आहे असं मी समजत होते, पण इतकं जपून खरं मी कधी सांगितलं नव्हतं. "गेला," म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

आईने पंच्याने केस आवळले आणि हळूच काजलच्या डोक्यावर टिचकी मारली. "जा. सुकव. अन् नणंदेले म्हण, या आता जवळ."

काजल हसत गेली. आई ओल्या पाटावर तशीच बसून राहिली. तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. मी शेजारी बसले.  मग ती म्हणाली, "तुह्या बाबानं सांगतलं नं?"

"हो."

"तुह्या डोक्याचा वास मले पाठ होता," ती म्हणाली. "लहानपणी शाळेतून आली की मी घ्यायची. आता आठवूनच पाहतो."

३० एप्रिल, बुधवार

काजलचं लग्न झालं. आम्ही गेलो. आई मागच्या रांगेत बसली, तिला कोणी हटकलं नाही आणि कोणी बोलावलंही नाही. काजलच्या आईने आहेर घेतला आणि नजर दुसरीकडे केली. प्रयागबाई काकू दोन खुर्च्या सोडून होत्या आणि कोणाला तरी "एक्स्पायरी" हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकवत होत्या. काजल पाया पडायला खाली आली तेव्हा तिने आईचा हात जरा जास्त वेळ धरला. तेवढंच.

घरी आल्यावर मी ग्रुपवर लिहायला बसले. पहिल्यांदा सगळं लिहिलं. ताप, चार वर्षं, बाबांचं नाक, सगळं. त्याने आई खोटारडी नाही हे एका दमात सिद्ध झालं असतं. मी ते तिला वाचून दाखवलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. "खरंच आहे नं सारं," म्हणाली. "पाठव. पण मंग मले डोकं कोन देईन हातात?"

तिने नको म्हटलं असतं तर मी कदाचित तत्त्वावर अडून बसले असते. ती पाठव म्हणाली म्हणून मी अडले. मी खोटं लिहिणार नव्हते. पण सगळं खरं माझ्या मालकीचं आहे का? वास तिचा गेला आहे. माझं त्यात काय आहे ते मी शोधायला लागले, आणि सापडलं. ते कमी नव्हतं.

मग हे लिहिलं:

"शनिवारी मी जे लिहिलं ते पूर्ण माहिती न घेता लिहिलं. खोबरेल तारीख उलटलेलं होतं हे खरं आहे आणि यापुढे ते सांगूनच देऊ. पण त्या तारखेचं चांगलं तेलही आमच्याकडे आहे, मी ते कॉलेजात तपासलं. बिघडला तो उन्हात राहिलेला एकच डबा होता. तेल भरण्याआधी आईने तो डबा मला तपासायला सांगितला होता. मी तपासला नाही. चूक माझी आहे, आईची नाही. यापुढे प्रत्येक डबा मी तपासेन. रितिका."

दोनदा वाचलं. कुठेही खोटं नाही. पाठवलं.

काकूंचं उत्तर लगेच आलं. "आधी आईले बदनाम केलं, आता म्हणते माही चूक. पदवी भेटली, जबान नाही भेटली." त्याखाली हसरे चेहरे, बरेच. मग कोणीतरी, "लग्नात आईने रागावलं असेल." मग ज्या बाईंनी शनिवारी "शाब्बास पोरी" लिहिलं होतं त्यांनी लिहिलं, "आजकालच्या पोरींचा काही भरोसा नाही."

मी लिहू शकत होते. एका ओळीत सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ती ओळ मला पाठ होती.

आई भाकरी थापत होती. परातीवरून मान वर करून तिने विचारलं, "काय म्हणून राहिल्या वं?"

मी जसंच्या तसं वाचून दाखवलं, जबान नाही भेटली, तेही.

तिचे हात थांबले. "अन् तू काय लिहिलं त्याच्यावर?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि ग्रुपमधून बाहेर पडून फोन तिच्यासमोर ठेवला.